पंधरा अंशांची रात्र, पस्तीस अंशांचे पिल्लू

सोलापूरचे नाव निघाले की ऊन आठवते. मे महिन्यातल्या ४२-४४ अंशांना सरावलेल्या या जिल्ह्यात थंडीची दखल कोणी फारशी घेत नाही. कडाक्याची थंडी म्हणजे निफाडची, द्राक्षबागांत दव गोठवणारी. आपल्याकडे काय, एक चादर अंगावर ओढली की झाले, असा इथला हिशेब. मोठ्या माणसापुरता तो खराही आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा साधारण १५-१६ अंशांवर उतरतो आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली तर १० च्या आसपास जातो. पण एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला अंगाभोवती ३५ अंश लागतात. रात्रीचे १५ आणि पिल्लाचे ३५ यांत २० अंशांचे अंतर आहे, आणि हिवाळ्यात पिल्लांची मरतूक वाढते ती या अंतरामुळे.

त्याच दिवशी दुपारी दोन वाजता मात्र पारा ३० च्या घरात असतो. तेव्हा हेच अंतर जेमतेम ५ अंशांचे उरते. दिवसात १५ अंशांचा हा चढउतार म्हणजे सोलापूरच्या कोरड्या, निरभ्र हिवाळ्याचा स्वभाव आहे. जिथे दिवसही गारठलेला असतो, तिथे पिल्लांना चोवीस तास सारखीच ऊब द्यावी लागते. इथे दुपारी आठवडाभराचे पिल्लू अंगणात मोकळे सोडता येते, आणि त्याच पिल्लाला पहाटे पाच वाजता उघड्यावर तासभर काढणे जिवावर बेतते. म्हणून इथल्या माणसाने ‘थंडी किती आहे’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या वेळी, कुठून आणि पिल्लाच्या अंगाला नेमकी कशी लागते, हे पाहावे लागते.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की कोंडी गावानंतर चिंचोळी एमआयडीसी लागते. मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी काटी या गावाचे नाव या वसाहतीला मिळाले. एका बाजूला कारखान्यांची कुंपणे आणि मालवाहू गाड्यांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला शाळू ज्वारीची शेते आणि वस्त्या, असा हा परिसर. अशा भागात कारखान्यात पाळी करून घरी शेतीही पाहणारी माणसे असतात, आणि त्यांच्या परड्यात दहा-वीस गावरान कोंबड्या, क्वचित शंभराची बॅच. या मंडळींकडे पडदे, गॅसचे ब्रूडर आणि जनरेटर असलेली मोठी शेड नसते. पिल्ले वाढतात ती पत्र्याच्या आडोशाला, लिंबाखाली, गोठ्याच्या भिंतीलगत. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

हिवाळ्यात पिल्ले आणायचीच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पंचांगात सापडते. गावरान किंवा गावरानसारखा पक्षी विक्रीच्या वजनाला यायला पाच-सहा महिने लागतात. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आणलेले पिल्लू जून-जुलैत तयार होते, म्हणजे ऐन आखाडात. आखाडातल्या कोंबड्याला जो भाव असतो तो श्रावणात नसतो. पिल्लांचा सर्वांत नाजूक महिना वर्षातल्या सर्वांत थंड महिन्यावर येतो, तो बाजाराच्या या गणितामुळे. निसर्ग असे करत नाही. जवळच्या नान्नजच्या माळरानावर जमिनीवर अंडी घालणारे माळढोकासारखे पक्षी आपली पिल्ले पौष-माघात बाहेर काढत नाहीत. आपण काढतो, म्हणून उबेची जबाबदारीही आपली.

आता पिल्लाकडे पाहू. अंड्यातून बाहेर पडताना त्याचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते, गावरानाचे त्याहून कमी. दीड किलोच्या कोंबडीशी तुलना केली तर दर ग्रॅम वजनामागे पिल्लाची कातडी तिपटीहून अधिक भरते. उष्णता बाहेर पडते ती कातडीतून. म्हणजे उष्णता तयार करणारा देह लहान आणि ती गमावणारा पृष्ठभाग त्या मानाने मोठा. अंगावर पिसे नाहीत, नुसती लव. कोरडी असेतो ती थोडीफार हवा धरून ठेवते, ओली झाली की तिचा काही उपयोग नाही. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे असते, नवजात पिल्लाचे त्याहून अंश-दोन अंशांनी कमी. बाहेर गारठा वाढला की मोठा पक्षी आतली भट्टी वाढवतो. पिल्लाला हे पहिले दहा-चौदा दिवस नीट जमत नाही. तोवर त्याचे शरीर भोवतालाबरोबर थंड होत जाते. थंड झालेले पिल्लू खात नाही, न खाल्लेले पिल्लू आणखी थंड होते, आणि हे चक्र एका रात्रीत पुरे होते.

निसर्गाने त्याला एक शिदोरी मात्र दिली आहे. बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला बलक ते पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकते. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. आधी आलेल्यांनी मागाहून येणाऱ्यांसाठी दीड-दोन दिवस थांबायचे, यासाठी ही सोय. उबवणी केंद्रातून शंभर पिल्लांचे खोके पुण्याहून सोलापूरपर्यंत दाणा-पाण्यावाचून येऊ शकते ते याच बलकामुळे. पण गारठलेल्या पिल्लाच्या पोटातला बलक नीट शोषला जात नाही. तो तसाच राहतो, सडतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू मान टाकते. पाळणारा त्या दिवशी दाण्याला, पाण्याला, नाहीतर हॅचरीला दोष देतो. कारण घडलेले असते पहिल्या रात्री.

खुडूक कोंबडी हे काम कसे करते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. अंड्यांवर बसण्याच्या दिवसांत तिच्या पोटाखालची पिसे गळतात, तिथली कातडी उघडी पडते आणि तिच्यातला रक्तपुरवठा वाढतो. एकवीस दिवस अंड्यांना आणि पुढे पिल्लांना ती या उघड्या कातडीची ऊब देते. पिल्ले पोटाखाली शिरतात, पाठ आईच्या अंगाला टेकवतात, काही मिनिटांत तापतात आणि परत बाहेर पळतात. आई सगळे अंगण गरम करत नाही. तिच्याजवळ तळहाताएवढी गरम जागा असते, भोवती गार हवा असते, आणि या दोन्हींत ये-जा कधी करायची हे पिल्लू ठरवते. पहिल्या दिवसांत ते बराच वेळ आत असते, तिसऱ्या आठवड्यात अधूनमधून डोकावते, पिसे आली की रात्रीपुरते. दीड-दोन महिन्यांनी आईच त्यांना टोचून दूर करते. एवढ्या सगळ्यात थर्मामीटर कुठेच नाही.

माझे ठाम मत आहे की दहा-बारा पिल्लांपुरता विचार असेल तर खुडूक कोंबडीसारखे साधन नाही. तिला दाणा-पाणी द्यावे, वाऱ्याचा आडोसा आणि कोरडी जागा द्यावी, घार आणि मुंगसापासून डालग्याखाली झाकावे, आणि बाकीचे तिच्यावर सोपवावे. अडचण शंभर पिल्लांची आहे. हैदराबादच्या संशोधन संस्थेने काढलेली वनराजा, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, किंवा अंड्यांसाठीचे व्हाइट लेगहॉर्न, या जाती खुडूक बसण्यासाठी नाहीतच. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून अंड्यांसाठी निवड करताना माणसाने पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न बसणाऱ्या कोंबड्या पुढे नेल्या. अंडी वाढली आणि आई गेली. बल्ब, शेगडी, गॅस हे सगळे तिच्या जागी आलेले आहे.

ही जागा भरायचा प्रयत्न जुना आहे. उष्णतामापकामुळे ज्याचे नाव राहिले त्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अंडी उबवायला त्याने कुजणाऱ्या शेणखताची उष्णता वापरली. निघालेल्या पिल्लांसाठी त्याने ‘कृत्रिम आई’ बनवली: आतून मेंढीचे लोकरीसकट कातडे लावलेली, उतरत्या छपराची पेटी. पिल्लू आत शिरत जाई ते छप्पर पाठीला टेकेपर्यंत. लहान पिल्लू खोलवर जाई, मोठे अलीकडेच थांबे. ऊब पाठीला स्पर्शातून मिळते, हे त्याने कोंबडीकडे पाहून ओळखले होते. मला यात सोलापूर-सांगोल्याकडची घोंगडी दिसते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ही घोंगडी इथल्या घराघरांत असे, आणि तिचा फाटका तुकडा पेटीच्या आत पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पट्ट्या कापून टांगला तर रेओम्यूरच्या कातड्याचे काम तो करील. सुती चिंधीपेक्षा लोकर बरी. ओलसर हवेतही ती आतली हवा सोडत नाही.

पुढचा मोलाचा टप्पा अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या शेती प्रयोगकेंद्राचा. १९४० च्या दशकात तिथे एक लाकडी ब्रूडर वापरात आला. तळ नसलेली चौकोनी पेटी, चार आखूड पाय, आत दोन बल्ब, आणि पेटीच्या वर भुश्याचा जाड थर. बल्बची उष्णता वर जाऊन अडते, खाली परतते आणि पिल्लांच्या पाठीवर पडते. भोवतालची खोली गार असली तरी चालते. उघड्यावर, थंडीत पिल्ले वाढवणाऱ्याला याहून उपयोगी कल्पना मला माहीत नाही. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा उघडा बल्ब दोरीला टांगलेला असतो. त्याची बरीच उष्णता हवेबरोबर छताकडे निघून जाते, आणि आडोसा अर्धवट असेल तर वाराच ती नेतो.

पन्नास पिल्लांसाठी दोन फूट बाय दोन फुटांची पेटी पुरते. प्लायवूडची करावी, किंवा यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून येतात तसल्या जुन्या खोक्याच्या फळ्यांची. मात्र रसायनांच्या वासाची फळी किंवा पिंप पिल्लांजवळ आणू नये, कितीही फुकट मिळो. पेटीची उंची फूटभर, पाय चार इंचांचे, म्हणजे पिल्ले चारही बाजूंनी ये-जा करू शकतात. आत ६० वॅटचे दोन बल्ब. दोन का, तर एक गेला तरी रात्र निभावते. बल्ब सिरॅमिकच्या होल्डरमध्ये, तारेने किंवा साखळीने पक्का अडकवलेला हवा. सुतळीने बांधलेला बल्ब सुटून तुसात पडला की आधी धूर, मग आग. वर तुसाचा थर देताना त्याचा बल्बशी संबंध येणार नाही, मध्ये फळी राहील, एवढे बघावे.

बल्ब म्हणजे जुना पिवळा, तारेचा. त्याच्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. दिवा म्हणून तो उधळा, पिल्लांसाठी मात्र नेमका तोच हवा. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली आणि घराघरांत ९ वॅटचे एलईडी लागले. वीज वाचली हे चांगलेच झाले. पण एलईडी पिल्लांवर टांगून ऊब मिळेल असे मानणारे अजून भेटतात. ९ वॅटचा एलईडी फार तर ९ वॅट उष्णता देणार. पिल्लामागे एक ते दोन वॅट हा ढोबळ हिशेब धरला तर तो पाच-नऊ पिल्लांपुरता. दुकानात पिवळे बल्ब आता मागून घ्यावे लागतात. बॅच येण्याआधीच चार जादा आणून ठेवावेत.

पेटी झाली. आता ती कुठे आणि कशी ठेवायची, यावर निम्मे यश आहे. उघड्यावर पिल्लाची ऊब चार वाटांनी जाते.

पहिली वाट वाऱ्याची. हिवाळ्यात या भागात सकाळचा कोरडा वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. जमिनीलगतची झुळूक आपल्या कमरेला जाणवतही नाही, पण चार इंच उंचीच्या पिल्लाला तीच लागते. पूर्वेची आणि उत्तरेची बाजू बंद करावी, तोंड दक्षिणेला ठेवावे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सोलापूरच्या अक्षांशावर ऐन दुपारी तो आकाशात साधारण ४९ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेला उघड्या आडोशात ऊन थेट आतपर्यंत येते. भिंतीसाठी कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधाव्यात. इथे कडब्याला तोटा नाही. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे नामांकित वाण याच तालुक्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडले गेले, आणि त्याची लांब, पेंढीत हवा धरणारी ताटे पत्र्यापेक्षा थंडी चांगली अडवतात. नवा कडबा निघायला फाल्गुन उजाडतो, म्हणून गंजीतल्या मागच्या वर्षीच्या पेंढ्या यासाठी राखाव्यात.

दुसरी वाट जमिनीची. काळी माती रात्री गार पडते आणि ओल धरते. तिच्यावर बसलेले पिल्लू पायांवाटे आणि पोटावाटे थंड होते. खाली आधी पोते, मग तीन इंच कोरड्या तुसाची गादी हवी. सोलापूरकडे शेंगांची टरफले सहज मिळतात आणि ती चालतातही, पण पूर्ण वाळलेली आणि बुरशीचा वास नसलेली. ओलसर टरफलांवरची बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन घर करते. तोंड उघडून श्वास घेणारी, तरी आवाज न करणारी पिल्ले दिसली तर गादी आधी तपासावी. नुसत्या वर्तमानपत्रावर पिल्ले ठेवू नयेत, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात.

तिसऱ्या वाटेचा विचार फार थोडे लोक करतात. ती आकाशाची आहे. निरभ्र रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्यांची रात्र कडक असते ती यामुळेच. चारी बाजू बंद आणि वर नुसती जाळी, अशा पिंजऱ्यातले पिल्लू वारा नसतानाही गारठते. म्हणून वर छप्पर हवेच, आणि नुसता पत्रा असेल तर त्यावर पाचट किंवा पोती टाकावीत. पत्रा स्वतः आकाशाला उष्णता देऊन गार होतो आणि पहाटे त्याला आतून दव सुटते, ते थेंब पिल्लांवर पडतात.

तिथून चौथी वाट सुरू होते, ओलीची. पाण्याचे भांडे उथळ असावे, त्यात खडे टाकावेत म्हणजे पिल्लू आत उतरत नाही. थंडीच्या दिवसांत पाणी कोमट द्यावे, पहिल्या दिवशी त्यात गूळ विरघळवावा. भांड्याभोवतालचा ओला तूस रोज काढावा, कारण पुढे रक्ती हगवणीचे मूळ तिथेच सापडते.

हे सगळे करताना एक गोष्ट उलटी होऊ नये. थंडीच्या धास्तीने चारी बाजूंना प्लास्टिक गुंडाळले की आत अमोनियाचा दर्प साचतो. आपण वाकून डोके आत घातल्यावर डोळे चुरचुरत असतील, तर पिल्लांचे चोवीस तास चुरचुरत आहेत. पडदा खालून बंद आणि वर वीतभर उघडा, हा नियम. जलद वाढणाऱ्या ब्रॉयलर पिल्लांना तर याची दुहेरी शिक्षा मिळते. थंडीत त्यांच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो, कोंदट जागेत तो कमी मिळतो, हृदय-फुप्फुसांवर ताण येतो आणि काही आठवड्यांनी पोटात पाणी होऊन पक्षी मरतात.

पिल्ले यायच्या आदल्या दिवशीच पेटीतले बल्ब लावून ठेवावेत. हवा तासाभरात तापते, गादी आणि जमीन तापायला दिवस लागतो. खोके उघडल्यावर दोन-चार पिल्लांचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. गार लागले तर पिल्लू थंड आहे. पेटीभोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. कोपरा ठेवू नये, कारण थंडी वाजली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिले दोन-तीन दिवस कडे लहान ठेवावे, म्हणजे ऊब कुठे आहे हे पिल्लू शिकते. आईची हाक इथे नाही. हे न शिकलेले पिल्लू संध्याकाळी उबेपासून दूर झोपते आणि सकाळी ताठ मिळते. मग कडे रोज थोडे वाढवत न्यावे. चोवीस तासांनी गळ्याखालची पिशवी चाचपावी, ती भरलेली आणि मऊ लागली की पिल्लाला दाणा आणि पाणी दोन्ही सापडले.

तापमान बरोबर आहे का, हे पिल्ले सांगतात. सगळी दिव्याखाली दाटीने, चिवचिव कर्कश आणि न थांबणारी, तर थंडी. सगळी कडेला, पंख सैल, चोची उघड्या, तर उकाडा. सगळी एकाच बाजूला, तर उलट बाजूने वारा शिरतो आहे, तिथे हात लावून बघावा. पसरलेली, काही खात, काही पिऊन झोपलेली, आवाज बारीक आणि निवांत, तर बल्बला हात लावू नये. थर्मामीटर जरूर ठेवावा, पण गादीपासून दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर. भिंतीवर आपल्या डोळ्यांसमोर टांगलेला थर्मामीटर आपले तापमान दाखवतो.

चिंचोळीसारख्या ठिकाणी रात्रीच्या राखणीची एक सोय आहे. कारखान्यांत पाळ्या चालतात. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकरा-साडेअकराला घरी येतो, पहिल्या पाळीचा पहाटे उठतो, तिसऱ्या पाळीचा सकाळी सातनंतर परततो. रात्रीचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या जरा आधी असते, म्हणजे जानेवारीत साधारण सहा ते सातच्या दरम्यान. पहिल्या पाळीला निघणाऱ्याने डबा घेण्याआधी पिल्लांकडे एक नजर टाकली, तर नेमका धोक्याचा तास सांभाळला जातो. घरातल्या बाईवरच हे सगळे सोडलेले असते, तिला दिवसाची कामे असतातच. हे वाटून घ्यायला हवे.

विजेचे काय? औद्योगिक वसाहतीतल्या दिव्यांकडे पाहून शेजारच्या वस्तीची कल्पना येत नाही. शेतातल्या वस्तीवरची वीज रात्री केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यासाठी पाण्याचा हिशेब लक्षात ठेवावा. पाणी उष्णता फार साठवते. ५ लिटर पाणी ८० अंशांवरून ४० पर्यंत निवताना जेवढी उष्णता देते, तेवढी ६० वॅटचा बल्ब देण्यास जवळजवळ चार तास लागतात. म्हणून झोपण्यापूर्वी चुलीवर पाणी तापवून ठेवावे. वीज गेली की झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून, डबा पोत्यात गुंडाळून पेटीत मधोमध ठेवावा. गुंडाळल्याने उष्णता हळू सुटते आणि पिल्ले भाजत नाहीत. पेटी वरून जाड असेल तर हा डबा रात्रीचे काही तास ओढून नेतो.

कोळशाची किंवा भुश्याची शेगडी अनेक जण ठेवतात. उघड्या, हवेशीर शेडमध्ये, धूर संपल्यावर आणि भोवती जाळी लावून ती चालेल. बंद जागेत ती पिल्लांनाच नव्हे, राखणीला तिथे झोपलेल्या माणसालाही मारते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. लहान मुलांना पिल्लांची हौस असते आणि ती त्यांच्याजवळ झोपायचा हट्ट धरतात. शेगडी असलेल्या बंद आडोशात त्यांना एक रात्रही झोपू देऊ नये.

लसीकरणाबद्दल एवढेच: पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस डोळ्यात थेंब टाकून देतात. त्यासाठी पिल्ले कड्याबाहेर काढून हाताळावी लागतात, ते काम दुपारच्या उन्हात करावे, संध्याकाळी नको. पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक मिळते.

दर आठवड्याला ऊब सुमारे तीन अंशांनी उतरवायची: ३५, ३२, २९, २६. या आकड्यांशेजारी सोलापूरचा दिवस ठेवला की मार्ग दिसतो. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या ३० अंशांत पिल्लाला बल्बची गरजच नसते. दहा वाजता बल्ब बंद करून कडे उघडावे, घारीसाठी वर जाळी असावी, आणि पिल्ले उन्हात हिंडू द्यावीत. ऊन उतरू लागले की, म्हणजे पाचच्या आत, ती पेटीजवळ आणून बल्ब लावावा. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि त्यानंतरचा गारवा झपाट्याने येतो. पेटी मात्र तिथेच राहू द्यावी. ज्या पिल्लाला गरज आहे ते आत जाईल, नसेल ते जाणार नाही. एकाच बॅचमध्ये पिसे लवकर येणारी आणि उशिरा येणारी दोन्ही असतात, त्यांना एका आकड्यात बसवण्यापेक्षा निवड त्यांच्यावर सोडलेली बरी.

या चार-सहा आठवड्यांच्या उबेची किंमत काय, हे शासनाच्या कुक्कुट विकास योजनेतही दिसते. लाभार्थ्याला शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट मिळतो किंवा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा, त्यात २५ माद्या आणि ३ नर. संख्येत एवढा फरक का, याचे बरेचसे उत्तर उबेत, दाण्यात आणि मरतुकीत आहे, तलंगांच्या बाबतीत हे सगळे दुसऱ्या कोणी आधीच सोसलेले असते. ज्याच्याकडे पेटी, आडोसा आणि पहाटे उठणारे माणूस नाही, त्याने थंडीत सरळ तलंगा घ्याव्यात, असेच मी सांगीन. ज्याच्याकडे हे आहे, त्याला शंभर पिल्ले परवडतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाठीवर आणि छातीवर पिसे भरली की बल्ब कायमचा काढता येतो. त्या पहिल्या बिनबल्बच्या रात्री मात्र झोप मोडून दोनदा बघून यावे. इतके दिवस उजेडाकडे तोंड करून झोपलेली पिल्ले अंधारात गोंधळतात, ऊब शोधत एका कोपऱ्यात ढीग करतात, आणि थंडीने न मेलेली पिल्ले अशा ढिगाखाली मरतात. खुराड्याचे कोपरे कडब्याने भरून गोल करावेत, दूर एक मंद दिवा ठेवावा, आणि ढीग दिसला तर हाताने हलकेच पसरवावा. एलईडीचा खरा उपयोग इथे आहे. दोन-तीन रात्रींत पिल्ले शिकतात, काही तर दांडीवर चढून बसतात. त्यानंतर थंडीची लाट आली तर तेवढ्या रात्रींपुरती पेटी परत ठेवावी. लाट गेली की ती काढून, तूस खताच्या खड्ड्यात टाकून, फळ्या धुऊन चुना लावून उन्हात वाळत घालाव्यात.